ब्रेक चाखणारे नाना

आमच्या घरी मिरची ताटात कमी आणि हाताला जास्त असायची. माय धुळ्याच्या मार्केटात मिरच्यांचे देठ खुडायला जायची. संध्याकाळी परत आली की तिच्या हातांची आग होत असायची, आणि त्याच हातांनी ती भाकरी थापायची. ती भाकरी तोंडात घेतली की ओठ झणझणायचे, त्यामुळे सोबत भाजी नसली तरी चालून जायचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, जिनिंगमध्ये होते. कपाशीचा हंगाम चालू तोवर काम, हंगाम संपला की घरी. हंगामात रुईचा भुगा छातीत जाऊन ते सारखे खोकायचे. हंगाम संपला की खोकला थांबायचा आणि बोलणंही थांबायचं. उंबऱ्यात बसून नुसते रस्त्याकडे बघत राहायचे. मी दहावीला होते. वर्गातल्या कोणत्या मुली पुढे शिकणार आणि कोणत्या मार्केटात देठ खुडायला जाणार, हे मला त्यांच्या चपलांवरून सांगता यायचं. माझ्या पायात चपला नव्हत्याच.

कुणाला कीव यावी म्हणून हे लिहीत नाही. नाना कसे होते ते सांगायचं, तर आप्पा त्यांच्या ट्रेलरवर का चढले ते आधी सांगावं लागतं.

नाना आमचे घरमालक. सुरत रस्त्याला त्यांचं मोठं आवार होतं. आवाराच्या मागे पत्र्याच्या चार खोल्या, त्यातली कडेची आमची. मूळचे साक्रीकडचे, शेतकरी घरातले. वयाच्या चाळिशीपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. पुढे कुणाच्या तरी सांगण्यावरून ते गुजरातच्या किनाऱ्यावर गेले. तिथे मोठमोठी जहाजं मोडीत काढतात. त्या जहाजांवरच्या जीव वाचवायच्या होड्या चांगल्या धडधाकट असतात, पण त्यांना कुणी विचारत नव्हतं. नानांनी विचारलं. त्या होड्या ते ट्रेलरवर घालून धुळ्याला आणायचे आणि धरणांवर मासेमारी करणाऱ्या सोसायट्यांना विकायचे. ज्या माणसाला पोहता येत नव्हतं त्याने निम्म्या खानदेशाला होड्या पुरवल्या.

ट्रेलर त्यांनी स्वतः बनवून घेतला होता. जुन्या ट्रकचा एक्सल, दोन चाकं, वर लोखंडी पाळणा. तो एका म्हाताऱ्या ट्रकच्या मागे जोडायचा. त्या काळी आमच्याकडे ट्रॉलीला ब्रेक लावायची पद्धतच नव्हती. ट्रॅक्टर थांबला की ट्रॉली थांबते, एवढाच हिशोब. नानांनी मात्र ट्रेलरच्या दोन्ही चाकांना ड्रमचे ब्रेक बसवले आणि पुढच्या दांड्यावर बसायला लोखंडी शीट, म्हणजे बैठक, ठोकली. शीटशेजारी एक लांब लिव्हर. लिव्हरपासून वायर निघायची, ती नळीतून मागे चाकांपर्यंत जायची. शीटवर एक माणूस बसायचा. ड्रायव्हरने एकदा हॉर्न दिला की लिव्हर ओढायचा, दोनदा दिला की सोडायचा. धुळ्याहून निघालं की कोंडाईबारीचा घाट उतरून गुजरातेत जायचं, आणि येताना होडी लादून तोच घाट चढायचा. चढावर ट्रक दमला आणि मागे यायला लागला, तर ट्रेलर धरून ठेवणारा तो एकच लिव्हर.

आप्पा त्या शीटवर बसायला लागले आणि मी अकरावी सायन्सला नाव घातलं. या दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. माय कॉलेजच्या दारापर्यंत माझ्याबरोबर आली नाही. ती म्हणाली, "तू जाय. माले तठे काय बोलनं ते समजाव नही." पण परत आले तेव्हा तिने माझी नवी चप्पल पुसून भिंतीला टेकवून ठेवली.

किनाऱ्यावर ट्रेलर नुसता उभा राहत नाही, तो पाण्यात जातो. भरतीच्या वेळी उलटा घालून चाकं बुडवायची, होडी तरंगत पाळण्यावर घ्यायची आणि वर ओढायची. म्हणजे दर खेपेला ब्रेक खाऱ्या पाण्यात. नानांचा सगळा जीव या एका गोष्टीत अडकलेला होता. किनाऱ्याला पोचल्यावर ते कुणालाही ट्रेलर पाण्यात घालू देत नसत. आधी ड्रमवर तळहात ठेवायचा, थंड लागला तरच पुढे. तापलेला ड्रम पाण्यात गेला की तो पाणी आत ओढून घेतो, म्हणायचे, तहानलेल्या बैलासारखा. ते समुद्राला समुद्र म्हणत नसत. "ते खारं" म्हणायचे. "ते खारं आज लई पुढे येल व्हतं," असं. जसा एखादा भांडखोर भाऊबंद.

आवारात परत आलं की धुणं सुरू. ट्रेलर जॅकवर चढवायचा, चाकं काढायची, ड्रम काढायचे. आतून ड्रम धरणाऱ्या पट्ट्या, म्हणजे शू, स्प्रिंगा, खिळे, सगळं गोड्या पाण्याने धुवायचं. वायरच्या नळीत वरून पाणी ओतायचं, ते खालून निघेपर्यंत. मग उन्हात वाळवायचं, पॉलिश पेपरने घासायचं, नळीत तेल सोडायचं. जो शीटवर बसतो त्यानेच धुवायचं, हा नानांचा नियम. आणि ग्रीस लावायच्या आधी नाना यायचे. ड्रमच्या आतून बोट फिरवायचे, डोळे मिटायचे आणि बोट जिभेवर ठेवायचे.

"खारं," म्हणाले की पुन्हा पहिल्यापासून. "गोड," म्हणाले की ग्रीस.

आवारातले मेकॅनिक हसायचे. ट्रकचा ड्रायव्हर तर तोंडावर बोलायचा. "नाना, थोडा कांदा कापी देऊ का संगे?"

नाना चिडायचे नाहीत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "लोखंड बोलत नही, भो. ते वाट दखस."

जीभ तयार राहावी म्हणून नाना आळणी जेवायचे. वरणात मीठ नाही, भाजीत नाही, भाकरीच्या पिठात नाही. लोणचं, पापड, चिवडा त्यांच्या घरात शिरत नसे. त्यांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणायचो, ती आपल्यापुरतं मीठ एका डबीत घालून लुगड्याच्या ओच्यात ठेवायची. एकदा एरंडोलला नात्यातलं लग्न होतं. नाना पंगतीत बसले आणि आचाऱ्याला बोलावून म्हणाले, मला आळणी वाढा. आचारी भरल्या पंगतीत म्हणाला, "नाना, बठ्ठ्या वरनमातलं मीठ येची काढू का तुमनासाठे?" सगळी पंगत हसली. नाना उठले, हात न धुता बाहेर गेले आणि संध्याकाळपर्यंत मांडवाच्या कडेला शेंगदाणे खात बसले. लग्नाच्या दिवशी खेप नव्हती, धुणं नव्हतं. पण नियम म्हणजे नियम.

चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. हेकट होते, तोंडाचे वाईट होते. आमच्या खोलीचा पत्रा गळायचा, तो त्यांनी कधी बदलला नाही. ट्रेलरच्या बोल्टाला गंज दिसला की मात्र दिवसभर जेवायचे नाहीत. माझं शिक्षण त्यांना चेष्टेचा विषय वाटायचा. मी पुस्तकं घेऊन आवारातून जायला लागले की हटकायचे.

"कॉलेजवाली, पानी कशानं बनस?"

"हायड्रोजन आणि ऑक्सिजन, नाना."

"आनि मीठ?"

"मीठ वेगळं."

"तुना मास्तरले सांग, वेगळं नही. बठ्ठा पानीमा ऱ्हास. कमी नहीतर जास्त."

पण त्यांची एक रीत होती, आणि तिच्यासाठी मी त्यांचं सगळं सोसलं असतं. खेपेला निघायच्या सकाळी ते मायला आवारात बोलवायचे. होडी नसलेल्या ट्रेलरमध्ये वजनासाठी दगड भरलेले असायचे. आवाराच्या फाटकाजवळ उतार होता, तिथे ट्रेलर उभा करायचे, मागे तीन-चार माणसं ढकलायला लावायचे आणि मायला म्हणायचे, "वढ वं माय. तुना घरना मानूस आठे बसस, मना घरना नही."

पहिल्यांदा माय लाजली. एवढ्या पुरुषांत पदर खोचून लिव्हर ओढायचा. तिने विचारलं, "आनि गाडी हालनी ते?"

"हालनी ते कोनी जात नही."

माय लिव्हर ओढायची. माणसं ढकलायची. ट्रेलर जागचा हलायचा नाही. नाना तिच्याकडे बघायचे, आप्पांकडे नाही, ड्रायव्हरकडे नाही. माय मान हलवायची, मगच ट्रक चालू व्हायचा. माझ्या मायला तिच्या उभ्या आयुष्यात कुणी कधी कशाला परवानगी विचारली नव्हती. लग्नालासुद्धा नाही.

तरी गल्लीतल्या बाया नानांना शिव्या द्यायच्या, आणि त्यात माय असायची. कारण पाणी. उन्हाळ्यात नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी यायचं. नानांच्या आवारात लोखंडी टाकी होती, तिला कुलूप, किल्ली नानांकडे आणि चाकं धुणाऱ्याकडे. नळाचं गोडं पाणी त्या टाकीत भरलं जायचं आणि चाकांवर ओतलं जायचं. गल्लीला कोपऱ्यावरचा बोर. त्याचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नसे, चहा फाटायचा, हंड्याच्या कडेला पांढरा थर बसायचा. तरी त्या बोरालाही रांग.

"चाकले गोड पानी आनि पोरले मचूळ," माय म्हणायची. "मरनावर तोंडमा काय घालतीन याना, डिझेल?"

मी बारावी होऊन बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, तो उन्हाळा फार वाईट गेला. आदल्या वर्षी पाऊस नव्हता. बोराच्या रांगेत भांडणं रोजची झाली होती. एका सकाळी धक्काबुक्कीत मायच्या कपाळावर हंडा लागला. टाके पडले. आप्पांनी तिला हाताला धरून घरी आणलं, उंबऱ्यात बसवलं आणि तिच्या लुगड्यावरचं रक्त बोराच्याच पाण्याने धुतलं.  

त्याच सुमाराला नानांनी सगळे दात काढून घेतले. बरेच दिवस गाल सुजलेले, तोंडाला पंचा बांधलेला, आवारात लिंबाखाली खाटेवर पडलेले. धुण्यावर उभं राहणं बंद. मग त्यांनी कवळी बसवली आणि पुन्हा ड्रम चाखायला यायला लागले. पांढरी शुभ्र, एका ओळीत. त्या तोंडावर ती दुसऱ्याची वाटायची. नाना आरशात बघायला लागले. केस मागे वळवायला लागले.

आणि एक चमत्कार झाला. गल्लीतल्या बाया नानांशी नीट बोलायला लागल्या. ज्या त्यांना बघून थुंकायच्या, त्या पदर सारखा करून "नाना, चहा घ्या" म्हणायच्या. एकीने त्यांना आंब्याचा रस पाठवला. मायसुद्धा एकदा म्हणाली, "बदलना मानूस. देवनी बुद्धी दिधी." नाना आधी दचकले, मग सुखावले. ड्रायव्हरला म्हणाले, "दात चांगला ऱ्हायनात म्हणजे मानूसले किंमत येस." त्यांची खात्री होती की हे सगळं कवळीमुळे आहे.

आमच्याही घरी गोडं पाणी यायला लागलं होतं. आप्पा आवारातल्या पहाटेच्या कामावरून परतताना कॅन भरून आणायचे. म्हणायचे, नानांनी टाकी उघडली, पण त्यांच्यासमोर नाव काढू नका, त्यांना आवडत नाही. आम्ही सगळ्यांनी ते पाळलं. कितीतरी दिवसांनी डाळ मऊ शिजली. मी त्या पाण्याचा चहा पिऊन परीक्षेचा अभ्यास केला.

मे महिन्याच्या शेवटची खेप. सकाळी मायने लिव्हर ओढला, ट्रेलर हलला नाही. मायने मान हलवली. कपाळावरचा टाक्यांचा व्रण अजून लाल होता. आप्पा शीटवर चढले, मांडीवर डब्याची पिशवी घेतली आणि माझ्याकडे बघून उगाच हसले.

पुढचं ड्रायव्हरने सांगितलं ते असं. येताना होडी लादलेली. दुपारची वेळ, कोंडाईबारीचा चढ. वळणावर पुढे एक मालट्रक बंद पडून उभा होता, म्हणून यांना थांबावं लागलं. पुन्हा निघताना क्लच घसरला आणि ट्रक मागे यायला लागला. ड्रायव्हरने ब्रेक दाबून धरला, तरी वजन ओढत होतं. त्याने हॉर्न दिला. आप्पांनी लिव्हर ओढला. एकदा धरल्यासारखं झालं आणि मग लिव्हर पूर्ण मागे आला, हलका, मोकळा. वायर नळीत तुटली होती.

आप्पांना डोंगराच्या अंगाला उडी मारता आली असती. मागे एक जीप होती, दहिवेलच्या बाजाराला निघालेल्या माणसांनी भरलेली. आप्पा शीटखालचा लाकडी ठोकळा घेऊन उतरले आणि चाकामागे लावला. ठोकळा सरकला. त्यांनी पायाने तो दाबून धरला. दुसऱ्यांदा तो बसला. ट्रेलर थांबला. पण मधल्या वेळात चाकाने त्यांचा उजवा पाय घेतला होता.

सरकारी दवाखान्यात पाय गुडघ्याखाली कापला. जीपमधली माणसं एकदा भेटायला आली, केळी ठेवून गेली. आप्पा छताकडे बघत पडून राहायचे. नाना पहिले काही दिवस आलेच नाहीत. माय म्हणाली, माणूस धास्तावला असेल. ती अजून त्यांच्या बाजूने बोलत होती.

मग एका दुपारी नाना आले. बनियन, गळ्यात पंचा, हातात वर्तमानपत्राची पुरचुंडी. स्टूल ओढून खाटेजवळ बसले. आप्पांना कसं आहे विचारलं नाही. पुरचुंडी उघडली आणि चादरीवर ठेवली. तुटलेली वायर होती. तिचे पदर एकेक करून गंजून बारीक झाले होते, आणि गंजावर पांढरी भुकटी होती.

"आठे मीठ कोठून उनं?" नाना म्हणाले.

 मी खिडकीपाशी होते. माय दारात चहाचा ग्लास घेऊन उभी होती.

"बोरनं पानी शे," आप्पा म्हणाले.

"काय?"

"उन्हायाभर बोरनं पानी वापरं. टाकीनं गोड पानी गल्लीमा दिधं. हिना कपायले लागनं त्या दिनपासून."

नानांनी वायर उचलली, पुन्हा खाली ठेवली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता हे खोली रिकामी करायला सांगणार. पाय नसलेला बाप, आणि वर घर नाही.

आप्पा पुढे बोलले. त्यांना एवढं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. "पयली खेप धोयी तवय माले वाटनं, तुम्ही धरशात. तुम्ही बोट फिरावं, चाखं, आनि गोड म्हनेत. मंग मी म्हनं, बोरनं पानीबी चालस. तुमनी जीभ खोटी बोलाव नही."

 नानांनी तोंडात हात घातला, कवळी काढली आणि पंचात गुंडाळून मांडीवर ठेवली. तोंड आत गेलं. एकदम म्हातारे दिसले.

"हाई बसाडी तवयपासून माले काहीच समजत नही," ते म्हणाले. आवाज फुसफुसत होता. "मीठ नही, गूळ नही. वाटनं, येई चव परत. मी नुसतं बोट ठेवू जिभवर. गोड म्हनू."

 शेजारच्या खाटेवरचा पेशंट कूस बदलून आमच्याकडे बघायला लागला.

माय दारातून आत आली. तिने चहाचा ग्लास आप्पांच्या उशाशी ठेवला. "तुमीन दोन्ही खोटं बोलनात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आनि लिव्हर माले वढाले लावं."

नाना मान खाली घालून बसले. उठताना त्यांनी वायर तिथेच ठेवली. ती मी घरी नेली. अजून माझ्याकडे आहे.

कॉलेज उघडल्यावर मी दोन बाटल्या नेल्या. एकीत नळाचं पाणी, एकीत बोराचं. प्रयोगशाळेतल्या सरांना विचारून दोन परीक्षानळ्यांत ते पाणी घेतलं आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. मिठाची ही साधी परीक्षा, पहिल्या वर्षाची सगळी मुलं करतात. नळाच्या पाण्यात धुक्यासारखं जरा पांढुरकं झालं. बोराच्या पाण्यात दही लागलं. मला त्या नळीकडे बघवेना. सरांनी विचारलं, कुठलं पाणी? मी म्हणाले, आमच्या गल्लीतलं. आम्ही पितो ते.

मी सरांकडून काळ्या बाटलीत थोडं औषध मागून आणलं आणि आवारात जाऊन नानांसमोर तोच प्रयोग केला. ट्रेलर अपघातापासून उभाच होता. मायने सांगून टाकलं होतं की पाणी गोड आहे हे कुणीतरी सिद्ध केल्याशिवाय त्या शीटवर माणूस चढला, तर ती फाटकात आडवी पडेल. गल्लीतल्या बायाही तिच्या मागे होत्या. नाना भांडले नाहीत. फक्त म्हणाले होते, "कसं समजी? मनी जीभ ते गयी."

बोराच्या पाण्यात दही लागलेलं त्यांनी पाहिलं. नळी उन्हात धरून पुष्कळ वेळ पाहिलं. "इतलं?" म्हणाले. आणि सवयीने बोट आत घालून जिभेकडे न्यायला लागले. मी त्यांचा हात झटकला. दुसऱ्या दिवशी ते बोट काळं झालं, त्या औषधाने कातडी काळी पडते. नाना ते बोट सगळ्यांना दाखवत फिरले. "कॉलेजनं पानी शे हाई. भाजस."

पण औषधावर त्यांचा पूर्ण विश्वास बसला नाही. ते म्हणाले, बाटली ठीक आहे, पण बाटलीची घरी कुणी वाट बघत नसतं. जीभ पाहिजे. आणि एके सकाळी ते आमच्या खोलीच्या दारात उभे राहिले. आप्पा कुबडी भिंतीला लावून बसलेले. नाना त्यांना म्हणाले, "तुनी जीभ शे ना अजून?"

त्या दिवसापासून आप्पा आळणी जेवायला लागले. माय दोन भांड्यांत भाजी करायची. धुण्याच्या दिवशी आप्पा कुबडी घेऊन आवारात जायचे आणि लिंबाखाली स्टुलावर बसायचे. कुणीतरी ड्रम त्यांच्यापुढे आणून ठेवायचं. ते बोट फिरवायचे, डोळे मिटायचे. मी धुतलेलं पाणी नळीत घेऊन औषध टाकायचे. आप्पा "गोड" म्हणाले आणि माझ्या नळीत नळाच्या पाण्याइतपतच धुकं आलं, तरच ग्रीस. दोघांचं पटलं नाही तर पुन्हा धुणं. शीटवर आता शेजारच्या खोलीतला एक जण बसायचा, त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. लिव्हर त्याची बायको ओढायची, आणि माय तिच्या शेजारी उभी राहून म्हणायची, "जोरमा वढ. लाजू नको." वायर नाना दर तीन-चार खेपांनी नवी घालायचे, जुनी दिसायला कितीही चांगली असली तरी. टाकीला कुलूप राहिलं नाही. धुण्यापुरतं पाणी ठेवून उरलेलं गल्लीला जायचं. हे नानांनी स्वतः कधी जाहीर केलं नाही. एका सकाळी कुलूप नव्हतं, एवढंच.

नाना स्वतः मात्र मीठ खायला लागले. लोणचं, पापड, तळलेली मिरची. अक्का ताटात वाढायची आणि बघत बसायची. त्यांना चव लागत नव्हती. तरी खायचे, कारण आता खायला हरकत नव्हती. एकदा मला म्हणाले, "पयले कितलं सोडं मी, माहित शे? आनि जीभ गयीच."

त्यांनी आमची माफी मागितली नाही. आप्पांनीही त्यांची मागितली नाही. ते दोघं लिंबाखाली शेजारी शेजारी बसायचे, एकाला पाय नाही, एकाला चव नाही, आणि तासन् तास ट्रेलरच्या चाकाकडे बघायचे. ड्रायव्हरची थट्टा बंद झाली होती. कांद्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. आमचा पत्रा त्यानंतरही गळत राहिला. मी एका पावसाळ्यात नानांना स्पष्ट सांगितलं, की ब्रेकला जपता तसं छपराला जपा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "छपरावर कोनी बसत नही." मी म्हणाले, "छपराखाली बसतात, नाना." पुढच्या आठवड्यात पत्रा बदलला.

नाना गेले ते मी नोकरीला लागल्यानंतर, एका हिवाळ्यात, झोपेत. मुलगा पुण्याला होता, त्याने आवार विकायला काढलं. ट्रेलर भंगारवाल्याने घेतला. त्याने जागेवरच चाकं काढायला सुरुवात केली, तेव्हा आप्पा कुबडीवर तिथे गेले. मी नोकरीवरून सुट्टी घेऊन आले होते. भंगारवाल्याने ड्रम उपटून मातीत टाकला. आतून तो कोरडा होता, राखाडी, कुठे तांबूस डाग नाही. आप्पा अवघड वाकले, बोट फिरवलं, जिभेवर ठेवलं. भंगारवाला त्यांच्याकडे बघत राहिला.

"गोड शे," आप्पा त्याला म्हणाले. त्या माणसाला त्यातलं काही कळलं नाही.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या सात पिढ्यांत पहिली. जळगावला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागले. पहूर, एरंडोल, साक्री, कुठकुठून बाटल्या येतात आणि त्यात मीठ किती ते मी सांगते. आमच्या गल्लीच्या बोरावर मी स्वतः पाटी लावून घेतली की हे पाणी पिण्याचं नाही, आणि वर्षभरात तिथे नळ आला. आणि आप्पांच्या नंतर त्या शीटवर जो माणूस बसला, तो दर खेपेला आपल्या पायांनी उतरून घरी गेला.